१८ गुंठ्यांत ४५० चौरस फुटांचे घर : कंटेनर, चिरा आणि कोकणातला पाऊस

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : संगमेश्वर तालुक्यात वाडीला लागून वडिलोपार्जित १८ गुंठे जमीन आहे, ती उताराची आहे, आपण पुण्यात नोकरी करता आणि महिन्यातून एक-दोनदा, पुढे निवृत्तीनंतर जास्त काळ राहण्यासाठी साडेचारशे चौरस फुटांचे घर बांधू इच्छिता. एका ओळखीच्या माणसाने कंटेनरचे घर सुचवले आहे, दुसऱ्याने चिऱ्याचे, म्हणजे कापून काढलेल्या जांभ्या दगडाचे, बांधकाम चौरस फुटाच्या दराने करून देतो असे सांगितले आहे. मेमध्ये काम सुरू करून गणपतीला प्रवेश करावा असा आपला विचार आहे आणि या दोहोंपैकी काय निवडावे, एवढेच आपण विचारले आहे.

उत्तर हवे असेल तर चिरा घ्या आणि मेमध्ये सुरुवात करू नका. मात्र रत्नागिरी जिल्ह्यात अशी लहान घरे बरीच वर्षे बांधल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, भिंत कशाची हा त्यातला तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा प्रश्न असतो. आपले घर वर्षातला बराच काळ, विशेषतः पावसाळ्यात, बंद राहणार आहे. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस अंगावर घेत, आत कोणी नसताना, ते कोरडे कसे राहील हा आपला खरा प्रश्न आहे. जागेची निवड, जोते, छप्पर आणि आतल्या फळ्यांपर्यंतचे सगळे निर्णय मी त्यावरूनच घेतो. पुढील सल्ल्यातला काही भाग आपल्या जागेवरच्या मातीवर, विहिरीच्या पाण्यावर आणि सातबारा उताऱ्यावरील नावांवर अवलंबून आहे. तसे जिथे आहे तिथे मी ते सांगितले आहे.

आधी कागद. वडिलोपार्जित जमीन म्हणजे सातबाऱ्यावर काका, आत्या आणि चुलतभावंडांची नावे असण्याची दाट शक्यता. सहहिस्सेदारांची रीतसर वाटणी होऊन स्वतंत्र सातबारा झालेला नसेल, तर ‘हा तुकडा आमच्या वहिवाटीतला आहे’ या तोंडी समजुतीवर जोते घालू नये. आज कोणाचाच आक्षेप नसतो, पण घर उभे राहिल्यावर जमिनीला किंमत येते आणि आक्षेपही तेव्हाच येतात. इतर हक्कांचा रकाना वाचा, जमीन भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर सरकारी बंधने असलेली) आहे का ते पाहा आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम करून घ्या. कोकणातले गडगे (दगड रचून केलेली कुंपणे) हद्दीवर असतातच असे नाही. गुरे अडवायला आजोबांनी सोयीच्या जागी घातलेला गडगा आणि नकाशातली रेषा यांत पाच-सहा फुटांचा फरक मी नेहमी पाहतो.

परवानगीच्या बाबतीत आपली जमीन जरा अडचणीच्या मापाची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ४१ खाली शेतजमिनीवर शेतघर बांधता येते, पण त्यासाठी धारण जमीन ०.४ हेक्टरपेक्षा, म्हणजे ढोबळमानाने एक एकरापेक्षा, कमी चालत नाही. त्यामुळे १८ गुंठ्यांवर तो मार्ग बंद समजा. उरतात दोन गोष्टी. जमीन गावठाणाच्या हद्दीत किंवा हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल, तर कलम ४२-ड चा उपयोग होऊ शकतो, आणि नसेल तर अकृषिक वापराची नेहमीची वाट आहे. आपण ‘वाडीला लागून’ असे लिहिले आहे, परंतु वाडी आणि गावठाण एकच नव्हेत. कोकणातल्या वाड्या विखुरलेल्या असतात आणि नकाशावरचे गावठाण बरेचदा चिमूटभर असते, म्हणून अंतर गाव नकाशावरच मोजावे लागेल. या नियमांत गेल्या काही वर्षांत वारंवार बदल झाले आहेत, तेव्हा ताजी स्थिती तहसील कार्यालयातून समजून घेऊन मगच अर्ज करा. ग्रामपंचायतीने घरपट्टी लावली म्हणजे घर अधिकृत झाले, असा एक गोड गैरसमज सर्वत्र आहे. नमुना ८ मधील नोंद ही कर आकारणीची नोंद असते, बांधकाम परवानगी नव्हे.

आता जागा. १८ गुंठे म्हणजे जवळजवळ साडेएकोणीस हजार चौरस फूट. त्यातले ४५० चौरस फूट कुठे ठेवायचे हे कागदावर ठरवू नका. जुलैच्या मध्यावर, चांगली झड लागलेली असताना, दोन दिवस गावी राहून जमिनीवरून फिरा. वरच्या अंगाने पाणी कुठून येते, कुठे मुरते, कुठे झरा फुटतो आणि पऱ्या (ओढा) कितपत फुगतो हे तेव्हाच दिसते. डिसेंबरमध्ये सर्वांत सुंदर वाटणारी सपाट जागा अनेकदा पावसात पाणी साचणारी असते. दुसरी खेप त्याआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात करा आणि शेजारच्या विहिरीत डोकावून पाहा. या दोन खेपांनंतर जागा आपोआप ठरते, असे मी म्हणणार नाही, पण चुकीच्या जागा नक्की गळतात.

उताराबद्दल सावध करणे माझे काम आहे. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाडजवळचे तळिये आणि खेड तालुक्यातील पोसरे या दोन्ही ठिकाणी दरड घरांवर आली. आपल्या जागेच्या वर तीव्र चढ असेल, झाडे कलती झाली असतील, जमिनीत भेगा असतील किंवा पूर्वी स्वच्छ असलेल्या झऱ्याचे पाणी अचानक गढूळ येऊ लागले असेल, तर तिथे घर नको. साध्या मध्यम उतारावर घर होते, परंतु जेसीबीने डोंगर उभा कापून सपाटी करण्याची जी पद्धत पडली आहे, तिचा मी विरोधक आहे. त्यात मागे लाल मातीचा उघडा कडा राहतो आणि पुढे सैल भराव. घराचा मागचा अर्धा भाग मूळ जमिनीवर आणि पुढचा भरावावर बसतो, आणि दोन पावसाळ्यांत मधोमध भेग पडते. त्यापेक्षा घर उताराला आडवे, लांबट ठेवा आणि पुढच्या बाजूचा पाया मूळ घट्ट जमिनीपर्यंत खाली न्या. जोते पुढून चार फूट आणि मागून दीड फूट दिसले तरी बिघडत नाही, आपली जुनी घरे अशीच आहेत. मागच्या बाजूला भिंतीपासून पाच-सहा फूट सोडून चर काढा, म्हणजे वरून येणारे पाणी घराला वळसा घालून जाईल. माती अडवायची असेल तर सुक्या दगडाचा गडगा काँक्रीटच्या भिंतीपेक्षा बरा, कारण त्यातून पाणी निघून जाते. काँक्रीटच करायचे असेल तर त्यात पाणी जाण्यासाठी नळ्या सोडाव्याच लागतात.

पाण्याचा हिशेब लोक करत नाहीत, म्हणून करून दाखवतो. १८ बाय २५ फुटांच्या घराला चारही बाजूंनी तीन फुटांची वळचण धरली, तर छपराखालचे क्षेत्र सुमारे ७० चौरस मीटर होते आणि तीन मीटर पावसात त्यावर दोन लाख लिटर पाणी पडते. हे सगळे चार महिन्यांत येऊन जाते, साठवायला जागा नसते, आणि एप्रिल-मेमध्ये वाडीला टँकर लागतो. दोन माणसांना दिवसाला अडीचशे लिटर धरले, तर टंचाईच्या चाळीस दिवसांना दहा हजार लिटर पुरतात. तेवढी टाकी पडवीच्या जोत्याखाली बसते. पहिल्या काही पावसांचे पागोळ्यांचे पाणी वाहू देऊन नंतरचे पाणी गाळून तिच्यात घ्यावे. विहीर बारमाही असेल तर ही टाकी लहान करता येईल. बोअरच्या भरवशावर मात्र घराची जागा ठरवू नका.

सांडपाण्याचे दोन शब्द. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून मैलापाणी आपल्या अंदाजापेक्षा लांब जाते. विहिरीपासून १५ मीटर हे किमान अंतर सर्वसाधारणपणे सांगितले जाते, मी जांभ्यात २० ते २५ मीटर ठेवतो आणि शोषखड्डा विहिरीच्या खालच्या उतारालाच घेतो. दोन माणसांच्या घराला दोन खड्ड्यांचे शौचालय पुरते. एक भरला की दुसरा वापरायचा आणि पहिल्यातील मैल्याचे खत होऊ द्यायचे. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येत असेल तर मात्र खड्डे टाळून बंदिस्त टाकी करावी.

भिंतींकडे वळतो. आमच्याकडे मिळणारा चिरा साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ७ इंच जाड असतो, वजन २५ ते ३० किलो. आपल्या मापाच्या घराला, आतल्या भिंती आणि जोते धरून, अडीच हजारांच्या आसपास चिरे लागतील. ट्रक जागेपर्यंत जात नसेल तर त्यातला प्रत्येक चिरा माणसाच्या डोक्यावरून जाणार आहे, आणि ती वाहतूक चिऱ्याच्या किमतीशी स्पर्धा करते. घर बांधण्याआधी वाट करा असे मी सांगतो ते यासाठी. ती वाट दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल तर लेखी संमती घ्या, कारण तोंडी दिलेली वाट भांडणाच्या पहिल्याच दिवशी बंद होते.

चिरा खाणीवर जाऊन पाहावा. एकसारखा तांबूस, हातोडीने वाजवल्यावर खणखणीत आवाज देणारा आणि कडा न झडणारा चिरा चांगला. पिवळसर, भोकांत पांढरट मऊ माती भरलेला चिरा बाजूला काढा, तो पाण्यात विरघळल्यासारखा झिजतो. ताजा काढलेला चिरा मऊ असतो आणि हवेवर टणक होत जातो, म्हणून शक्य असल्यास महिना-दोन महिने आधी आणून रचून ठेवावा. सिमेंटचे प्रमाण वाढवून भिंत भक्कम होते हे खरे नाही. एकास सहाचा सिमेंट-वाळूचा माल चिऱ्याला पुरतो, फार कडक मालाला तडा गेला की तो चिऱ्यातून जातो. पैसे घालायचे तर आरसीसीच्या पट्ट्यांत घाला : एक जोत्यावर, एक दारे-खिडक्यांच्या डोक्यावर आणि एक भिंतीच्या माथ्यावर, आणि तिन्ही पट्ट्या कोपऱ्यांत अखंड. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचे कोयनानगर संगमेश्वरच्या ईशान्येला, घाटमाथ्यापलीकडे आहे, हे विसरून या भागात नुसती चिऱ्यावर चिरा रचून चालत नाही.

बाहेरून गिलावा करावा की चिरा उघडा ठेवावा, यावर गवंड्यांमध्ये दोन पक्ष आहेत. मी उघडा ठेवतो, फक्त चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) नीट भरून घेतो. गिलाव्याला केसाएवढी भेग पडली तरी आत शिरलेले पाणी कोंडते आणि आतला रंग फुगतो, तर उघडी भिंत भिजते आणि वाळते. अर्थात हे वळचण रुंद असेल तरच खरे. पाऊस इथे पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून तिरका येतो. त्या बाजूला पडवी घ्या, खिडक्या कमी ठेवा आणि न्हाणीघर तिकडे टाका, म्हणजे ओल आलीच तर झोपण्याच्या खोलीत येणार नाही. जुन्या घरांना पावसाळ्यापूर्वी त्या बाजूने झाप (विणलेल्या झावळ्या) बांधत असत. आपण पुण्यात असताना झाप कोण बांधणार, म्हणून तिथे कायमची पडवी हवी.

छपरावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि आपणही घालवावा. मंगळुरी कौल हा उत्तम पदार्थ आहे : हवा खेळते, आवाज होत नाही, एक फुटले तर एकच बदलायचे. परंतु त्याला दरवर्षी शाकारणी (कौले नीट बसवून घेणे) लागते आणि त्याला माकड हा मोठा शत्रू आहे. माकडांची टोळी एका सकाळी पंधरा-वीस कौले सरकवून जाते, आणि बंद घरात ते कळते तेव्हा गादीतून रोप उगवलेले असते. नुसता रंगीत पत्रा माकडांना पुरून उरतो, पण जुलैच्या पावसात त्याखाली बोलणे ऐकू येत नाही आणि एप्रिलमध्ये बसवत नाही. उताराचा स्लॅब लोकांना आवडतो. माझे त्याबद्दलचे मत चांगले नाही : लहान घराच्या भिंतींवर तो अनावश्यक वजन टाकतो, आणि बंद घरात त्याच्या पोटाला बुरशी धरते.

आपल्यासारख्यांना मी लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), त्यावर रंगीत पत्रा आणि पत्र्यावर कौले असे दुहेरी छप्पर सुचवतो. खर्च वाढतो हे खरे, पण कौल फुटले तरी पाणी पत्र्यावरून वाहून जाते आणि आपल्याला दुरुस्तीला दिवाळीपर्यंत सवड मिळते. यात एक बारकावा आहे, तो बहुतेक ठिकाणी चुकतो. कौलांच्या रीपा (कौले टेकवायच्या पट्ट्या) पत्र्यावर थेट आडव्या ठोकल्या, तर फुटक्या कौलातून आलेले पाणी आणि कचरा त्या रीपांना अडून बसतो आणि पत्रा तिथेच गंजतो. आधी पत्र्याच्या उंचवट्यावर उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या आणि त्यांवर आडव्या रीपा, हा क्रम ठेवा. स्क्रूही उंचवट्यावर, रबरी वॉशरसह मारा. उतार ३० अंशांच्या आसपास हवा. १८ फूट रुंदीच्या घरात आढे (छपराचा सर्वांत उंच कणा) भिंतीच्या माथ्यापासून सव्वापाच फूट वर येते, असे सुताराला किंवा फॅब्रिकेटरला मापातच सांगा. नाहीतर साहित्य वाचवण्यासाठी तो उतार चपटा करतो.

कैच्या माथ्याच्या आरसीसी पट्ट्यात आधीच बसवलेल्या बोल्टांना जखडल्या पाहिजेत, नुसत्या टेकवायच्या नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत छपरे उडवली, तेव्हा वजनावर विसंबून ठेवलेल्या छपरांचे काय होते ते सगळ्यांनी पाहिले. वळचण तीन फुटांहून जास्त बाहेर काढायची असेल तर तिला खाली खांबांचा आधार द्या, कारण वारा प्रथम तिथेच हात घालतो.

घराच्या आत बंद काळाचा विचार करा. भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यामध्ये जाळी लावलेली फट ठेवली तर हवा फिरत राहते आणि कोंदट वास येत नाही. प्लायवूडची कपाटे करू नका, दुसऱ्या पावसाळ्यात त्यांची दारे लागत नाहीत. त्याऐवजी भिंतीतले कोनाडे आणि कडाप्प्याच्या फळ्या पुरतात. जोत्याचा भराव घालतानाच वाळवीचा उपचार करून घ्या, नंतर तो अर्धवटच होतो. दारा-खिडक्यांसाठी स्वतःच्या जमिनीतला फणस किंवा किंजळ तोडण्याचा विचार असेल तर वन विभागाकडे चौकशी करा, आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ अशा झाडांच्या तोडीला १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते.

आता कंटेनर. त्याच्या बाजूने एवढेच की तो कारखान्यातून जवळजवळ तयार येतो. वीस फुटी कंटेनरचे बाहेरचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट, तेव्हा आपल्याला तीन लागतील. ते आणणारा ट्रेलर आणि उतरवणारी क्रेन आपल्या वाडीच्या वळणावर वळते का, वरच्या विजेच्या तारा किती उंच आहेत, हे आधी पाहा. बहुतेक वेळा हा विषय तिथेच संपतो. नाही संपला, तर पत्र्याची पेटी एप्रिलमध्ये तापते, पावसाळ्यात बंद असताना आतून घाम धरते आणि खारट दमट हवेत गंजते. त्यावर उपाय म्हणजे ती जमिनीपासून दोन फूट उचलायची, आतून उष्णतारोधक थर द्यायचा आणि वर मध्ये हवा जाईल असे वेगळे छप्पर घालायचे. एवढे केल्यावर वाचलेला खर्च शिल्लक राहत नाही. ‘कंटेनर तात्पुरता असतो, परवानगी लागत नाही’ असे विकणारे सांगतात. राहण्यासाठी जमिनीवर ठेवलेल्या वस्तूला हा युक्तिवाद उपयोगी पडतो असे समजू नका. डांबरी रस्त्यालगतच्या सपाट कातळावर, चार-पाच वर्षांच्या वापरासाठी, मी कंटेनर सुचवला असता. आपल्या जागेला नाही.

चौरस फुटाच्या दराबद्दल : दर ऐकण्याआधी तो कोणत्या क्षेत्रफळावर आहे ते विचारा. पडवी आणि वळचण त्यात मोजली आहे का, जोते किती उंचीपर्यंत धरले आहे, शोषखड्डा, टाकी, वीजजोडणी, वाट आणि चिऱ्यांची डोक्यावरची वाहतूक त्यात आहे का? लहान घराला चौरस फुटाचा दर नेहमीच जास्त पडतो, कारण स्वयंपाकघर, न्हाणीघर, टाकी आणि वाट हे खर्च घराच्या मापाबरोबर लहान होत नाहीत. त्यामुळे साडेचारशेचे साडेतीनशे केल्याने जेवढे वाचेल असे वाटते, तेवढे वाचत नाही. उताराच्या जागेवर जोत्यापर्यंतचे काम प्रत्यक्ष मोजमापावर आणि त्यापुढचे ठरलेल्या रकमेत द्यावे, म्हणजे पाया खोल गेला तरी भांडण होत नाही. शेवटचा मोठा हप्ता छप्पर पूर्ण झाल्यावर नव्हे, पहिला पाऊस पडून गेल्यावर द्यावा. चांगला कंत्राटदार याला नकार देत नाही.

राहिला मुहूर्त. मेमध्ये पाया खणला तर मृगाच्या पावसात चर कोसळतात, चिरेखाणी बंद होतात आणि आणलेली वाळू वाहून जाते. यंदाचा पावसाळा वाटणी, परवानगी आणि जुलैच्या त्या फेरीसाठी वापरा. दसऱ्यानंतर जमीन धरायला लागली की पाया, डिसेंबरअखेर जोते, आणि जोत्याला थोडे बसू देऊन जानेवारी-फेब्रुवारीत भिंती. शिमग्यात गावातले एकही माणूस कामावर येणार नाही, हे वेळापत्रकात आधीच लिहा आणि गवंड्याशी त्यावरून वाद घालू नका. एप्रिलअखेर छप्पर, मेमध्ये दारे, फरशी आणि वीज. काम मागे पडलेच तर आतले काम पुढे ढकला, छप्पर नाही.

एवढ्या काळात सिमेंट आणि अवजारे ठेवायला आणि स्वतःला रात्री टेकायला काहीतरी लागेलच. त्यासाठी दहा बाय बाराचा, चार खांबांवर पत्रा घातलेला मांगर आधी उभारा आणि तो घराच्या जागेवर न करता कडेला करा, पुढे लाकूडफाटा ठेवायला तोच उपयोगी पडतो. मोजणीचा अर्ज मात्र या आठवड्यातच द्या, कारण गवत वाढल्यावर शेतात खुणा सापडत नाहीत आणि तारीख दिवाळीच्या पलीकडे जाते.